फिलिया : आपुलकीचा ग्रीक हिशेब

मराठीत माया, ममता, स्नेह, जिव्हाळा, लोभ असे प्रेमाचे कितीतरी शब्द आहेत. प्राचीन ग्रीकांजवळही असेच अनेक शब्द होते. इरॉस म्हणजे उत्कट ओढ, स्टॉर्गे म्हणजे मुख्यतः आईवडील व मुले यांच्यातील माया, झेनिया म्हणजे परक्या पाहुण्याशी जडलेले आतिथ्याचे नाते आणि फिलिया म्हणजे मैत्री, आपुलकी. अगापे हे नाम अभिजात ग्रीक लेखनात विरळच आढळते. त्याला महत्त्व आले ते पुढे ख्रिस्ती धर्मग्रंथांमुळे.

‘प्रेमाचे सात ग्रीक प्रकार’ अशी एक यादी आजकाल ठिकठिकाणी वाचावयास मिळते. ही तयार यादी मात्र ग्रीकांची नव्हे. तीत येणारा ‘लुडस’ हा शब्द तर लॅटिन आहे. अशा वर्गीकरणांना आजचे रूप मिळाले ते बऱ्याच अंशी सी. एस. लुईस यांच्या १९६० सालच्या आणि जॉन ॲलन ली यांच्या १९७३ सालच्या पुस्तकांमुळे. ग्रीकांचे खरे देणे यादीत नाही, तर नात्यांची जी कसोशीने छाननी त्यांनी केली, तिच्यात आहे. प्लेटोने ‘सिम्पोझियम’ या संवादात इरॉसचा शोध घेतला. त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल (इ. स. पूर्व ३८४ ते ३२२) याने फिलियाचा विचार केला, आणि तो व्यवहारी माणसाच्या अधिक जवळचा आहे.

ॲरिस्टॉटलच्या ‘निकोमॅकियन एथिक्स’ या नीतिग्रंथाचे दहा भाग आहेत. त्यांपैकी आठवा व नववा हे दोन पूर्ण भाग फिलियाला दिलेले आहेत. फिलिया या शब्दाचा आवाका आपल्या ‘मैत्री’पेक्षा मोठा आहे. भाऊभाऊ, पतिपत्नी, आईवडील व मुले, एका जहाजावरचे सहप्रवासी, रणांगणावरचे सोबती, देवघेव करणारे व्यापारी, या सर्वांचे नाते त्यात येते. इतर सारी सुखे मिळाली तरी मित्रांवाचून जगणे कोणी पसंत करणार नाही, असे तो म्हणतो. नुसती आवड म्हणजे मात्र फिलिया नव्हे. मद्य आवडते म्हणून कोणी मद्याचे कल्याण चिंतीत नाही. फार तर ते टिकावे असे वाटते. फिलियाला एकमेकांविषयी सदिच्छा हवी आणि ती दोघांनाही ठाऊक हवी.

या नात्याचे तो तीन पाये सांगतो. पहिला पाया उपयोगाचा. दोघांचे एकमेकांवाचून अडते, म्हणून संबंध राहतो. दुसरा आनंदाचा. सहवास सुखाचा वाटतो, म्हणून माणसे जवळ येतात. तिसरा चारित्र्याचा. समोरचा माणूस जसा आहे तसा तो चांगला वाटतो आणि त्याचे भले त्याच्यासाठीच व्हावे अशी इच्छा असते. पहिली दोन नाती कारण संपले की सुटतात. तिसरे टिकते, पण ते दुर्मीळ असते आणि त्याला काळ लागतो. एकत्र मीठ खाल्ल्यावाचून माणसे एकमेकांस ओळखत नाहीत, या अर्थाची ग्रीक म्हण ॲरिस्टॉटल येथे देतो. खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या मराठी माणसाला ती परकी वाटू नये.

ॲरिस्टॉटलने उपयोगाच्या मैत्रीला कमी मानले, तरी तिला लबाडी म्हटले नाही. त्याचे मोठेपण पुढच्या निरीक्षणात आहे. तक्रारी व भांडणे मुख्यतः याच नात्यात का होतात, याचे त्याने उत्तर शोधले. उपयोगाच्या देवघेवीचे तो दोन प्रकार करतो. एक ठरलेल्या अटींचा : रोखीचा, किंवा मुदत देऊन केलेला. दुसरा भिडेचा : मित्राला द्यावे तसे द्यायचे, कसलीही अट बोलायची नाही, आणि मनात मात्र तेवढेच किंवा अधिक परत येईल अशी अपेक्षा ठेवायची. देणारा त्याला कर्ज समजतो, घेणारा भेट समजतो. हिशेबाच्या वेळी दोघेही प्रामाणिकपणे दुखावले जातात. बहुतेकांना उदार व्हावेसे वाटते, पण निवड करताना ते लाभाचीच करतात, हे त्याचे मर्म. म्हणून उपकार कोणाकडून आणि कोणत्या अटींवर होत आहे, याचा विचार घेण्याच्या क्षणीच करावा, असे तो बजावतो.

याच संदर्भात त्याने एका वीणावादकाची गोष्ट दिली आहे. जितके चांगले गाशील तितके अधिक देईन, असे वचन वादकाला मिळाले होते. दुसऱ्या दिवशी तो मोबदला मागू लागला, तेव्हा उत्तर मिळाले की आनंदाच्या बदल्यात तुला आनंद दिला, तेव्हा फेड झालीच. एकाला आनंद हवा होता, दुसऱ्याला कमाई. दोघांनाही आनंदच हवा असता, तर वाद उरला नसता.

अथेन्सच्या व्यवहारात या विचाराला ठोस आधार होता. तेथे समुद्री व्यापारासाठी जबर व्याजाने कर्जे दिली जात. एका उपलब्ध करारात हजार द्राख्मांवर २२५ द्राख्मा आणि मोसम टळल्यावर निघाल्यास ३०० द्राख्मा असा दर आहे. त्याच शहरात ‘एरानोस’ नावाची रीतही होती. अडचणीतल्या माणसासाठी मित्र थोडी थोडी रक्कम जमवीत आणि तो ती बिनव्याजी, हप्त्याहप्त्याने फेडी. आपल्या हातउसन्याचे हे भावंडच म्हणावे. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने एका कंजूष माणसाचे चित्र रेखाटले आहे : मित्र एरानोस गोळा करीत येताना दिसला की हा गृहस्थ वाट बदलतो आणि आडवळणाने घर गाठतो!

देणाऱ्याच्या मनाचाही ॲरिस्टॉटलने शोध घेतला. उपकार करणाऱ्याचे प्रेम उपकार घेणाऱ्यापेक्षा अधिक का असते? धनको ऋणकोची खुशाली चिंततो ती वसुलीसाठी, तसेच हे आहे, असे काही जण म्हणत. त्याला हे पटले नाही. कारागिराला जशी स्वतःची कृती प्रिय, तशी उपकारकर्त्याला ज्याचे भले केले ती व्यक्ती प्रिय होते, असे त्याचे म्हणणे. कष्टाने मिळविलेले सर्वांनाच अधिक प्रिय असते. स्वतः संपत्ती कमावणाऱ्यांना ती वारसाने मिळालेल्यांपेक्षा अधिक प्रिय असते, हा दाखलाही तो देतो. दोन पिढ्यांना एकच दुकान वेगळे का दिसते, याचे एक उत्तर येथे आहे.

या विचाराला त्याच्या काळाच्या मर्यादा आहेत. ॲरिस्टॉटलने गुलामाला सजीव हत्यार म्हटले. गुलाम म्हणून त्याच्याशी मैत्री शक्य नाही, माणूस म्हणून मात्र आहे, एवढीच सूट त्याने दिली. पत्नीचे स्थानही त्याने पतीच्या खालीच ठेवले. तरीही पतिपत्नींच्या नात्यात उपयोग, आनंद आणि दोघे सुशील असल्यास चारित्र्य, असे तिन्ही पाये एकत्र असू शकतात, हे त्याने मान्य केले.

हीच गोष्ट भागीदारीतल्या भावांना आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यापारी संबंधांना लागू पडते. एकाच नात्यात दोन खाती असण्यात गैर काही नाही. एकाने भांडवल म्हणून मांडलेली रक्कम दुसऱ्याने माया म्हणून जमा केली, की पुढे न्यायालयही ती तफावत मिटवू शकत नाही. रक्कम उसनी असेल तर तसे बोलून, लिहून द्यावी. भेट असेल तर ती मनातल्या वहीतूनही पुसून टाकावी. दोहोंपैकी काय आहे, हे देताना सांगितले तर त्यात आपुलकी उणी होत नाही, उलट ती सुरक्षित राहते.