मुका ऑर्गन पुन्हा गाऊ लागतो!

दोस्तांनो, संगीत नाटकात हातांनी पट्ट्या दाबत, पायांनी भाता चालवत साथ करणारा वादक पाहिलाय? त्याचं वाद्य म्हणजे ऑर्गन. बालगंधर्वांच्या नाटकांत याचीच साथ असे. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या एस्टी या एकाच कंपनीने असे पाच लाखांहून जास्त ऑर्गन बनवले! आता नवे फारसे बनत नाहीत. म्हणून जुना ऑर्गन मोडीत काढायचा नाही, दुरुस्त करायचा!

आधी त्याची गंमत समजून घ्या. आपली हातपेटी सुरांमधून हवा बाहेर ढकलते. अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनचं उलटं! पायांनी भाता चालवला, की आतली हवा उपसली जाते. पट्टी दाबली, की झडप उघडते, बाहेरची हवा पितळी पात्याजवळून आत घुसते, पातं थरथरतं आणि स्वर उमटतो.

मग ऑर्गन मुका का होतो? बहुतेक वेळा भात्याचं कापड विरतं, त्याला भोकं पडतात. नमद्याला कसर लागते, उंदीर चामडं कुरतडतात. पात्याच्या फटीत धुळीचा एक कण अडकला, तरी तो स्वर गप्प!

कारागीर काम सुरू करतो ते पेन्सिल घेऊन. प्रत्येक पट्टीवर आणि पात्यावर क्रमांक घालायचा, नाहीतर कुठलं कुठे बसायचं हे कळणारच नाही. मग भात्याचं जुनं कापड काढून नवं, हवा न गळणारं कापड चिकटवायचं. तेही गरम सरसाने! का? सरस ऊब आणि ओलाव्याने सुटतो. पन्नास वर्षांनी पुन्हा दुरुस्ती करणाऱ्याला लाकूड फोडावं लागत नाही. पक्क्या आधुनिक गोंदाने ही सोय संपते.

सगळ्यांत जपायचं ते पातं. टोकाकडे घासलं तर स्वर चढतो, बुडाशी घासलं तर उतरतो. पण घासलेलं पितळ परत येत नाही, बरं का! म्हणून आधी मऊ ब्रशने नुसतं साफ करायचं. कितीतरी पाती तेवढ्यानेच बोलू लागतात.

तुमच्या शाळेत, देवळात, चर्चमध्ये किंवा आजोबांच्या माळ्यावर असा ऑर्गन धूळ खात पडलाय का? जरा शोधा. सापडला तर स्वतः स्क्रू काढू नका हं! आधी जाणत्या कारागिराला दाखवा. कदाचित त्याचा गळा अजून शाबूत असेल, फक्त श्वास हरवला असेल.