जुनी अमेरिकन जीप : आधी कागद, मग लोखंड

दुसरे महायुद्ध संपले आणि सैन्याच्या छावण्या उठल्या, तेव्हा त्यांच्यामागे राहिलेल्या सामानात सर्वाधिक चिवट ठरली ती अमेरिकन जीप. ठेकेदार, बागायतदार, शिकारी आणि सरकारी खाती अशा अनेकांच्या दारी ती पोहोचली. ‘मिलिटरी डिस्पोजलची जीप’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या गाड्यांपैकी काही आजही धावत आहेत, काही वाड्यांच्या पडवीत धूळ खात उभ्या आहेत. अशी जीप विकत घेऊन ती पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस शहरी मंडळींत चांगलीच रुजली आहे. परंतु हौसेला मोल नसले, तरी हौसेने घेतलेल्या गाडीला कागदपत्रे लागतात. आणि बहुतेक व्यवहार फसतात ते तिथेच.

या जीपचा इतिहास थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे. अमेरिकी सैन्याने जुलै १९४०मध्ये हलक्या टेहळणी वाहनाची मागणी नोंदवली आणि अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने सप्टेंबरमध्ये पहिला नमुना सैन्यापुढे ठेवला. पुढे विलिस कंपनीचा आराखडा प्रमाण मानला गेला आणि फोर्डनेही त्याच आराखड्यानुसार गाड्या बनवल्या. विलिसची ती ‘एमबी’ आणि फोर्डची ती ‘जीपीडब्ल्यू’. १९४१ ते १९४५ या काळात दोन्ही कंपन्यांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप तयार केल्या.

भारतात या गाड्या ब्रह्मदेशाच्या आघाडीबरोबर आल्या. त्यानंतर १९४७मध्ये महिंद्रने ७५ जीप सुट्या भागांच्या स्वरूपात आयात केल्या आणि १९४९मध्ये मुंबईत माझगाव येथे जीपची जुळणी सुरू झाली. त्यामुळे आपल्याकडे जीपचे दोन प्रवाह दिसतात : युद्धकाळात अमेरिकेत तयार झालेली जीप आणि इथे जुळणी झालेली किंवा पुढे परवान्याने बनलेली जीप. दिसायला दोन्ही सख्ख्या बहिणी. बाजारभावात मात्र मोठे अंतर, आणि हे अंतरच लबाडीला आमंत्रण देते.

ओळख पटवताना

समोरच्या जाळीतील उभ्या फटी मोजणे ही सर्वांना ठाऊक असलेली खूण. युद्धकालीन पत्र्याच्या जाळीत नऊ फटी असतात, नंतरच्या नागरी ‘सीजे’ मालिकेत सात. पण जाळी चार बोल्ट काढून बदलता येते. संपूर्ण बॉडीसुद्धा नवी घडवून मिळते. हरियाणा-पंजाबच्या सीमेवरील मंडी डबवाली हे गाव तर जीपच्या अशा बांधकामासाठी प्रसिद्ध आहे. तेव्हा पत्र्यावर विश्वास न ठेवता सांगाड्याकडे, म्हणजे चेसिसकडे पाहावे.

विलिसच्या चेसिसचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असतो, फोर्डचा उलट्या ‘यू’ आकाराच्या पत्र्याचा. विलिसचा क्रमांक डाव्या दांड्याच्या आतील बाजूस, बंपरजवळ रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो. फोर्डचा डाव्या दांड्याच्या वरच्या पृष्ठावर, इंजिनाच्या आधाराजवळ ठोकलेला असतो. फोर्डने आपल्या अनेक सुट्या भागांवर आणि बोल्टच्या माथ्यांवरही ‘एफ’ हे अक्षर उमटवले होते. युद्धकालीन जीपला मागे उघडणारी फळी नसते, ती नागरी जीपला असते. क्रमांकाच्या जागी ताजे वेल्डिंग, घासलेला पृष्ठभाग किंवा जाड रंग दिसला, तर व्यवहार तिथेच थांबवणे शहाणपणाचे.

कागदपत्रांचा फेरा

आरसी बुकातील चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, इंधन आणि नोंदणीचे वर्ष या चार गोष्टी प्रत्यक्ष गाडीशी जुळल्या पाहिजेत. पेट्रोलचे दर परवडेनासे झाले तेव्हा असंख्य मालकांनी मूळ इंजिन उतरवून मॅटाडोरचे वा अन्य डिझेल इंजिन बसवले. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा बदल परवानगीवाचून करता येत नाही. त्यामुळे कागदावर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल अशी जीप पुनर्नोंदणीच्या वेळी अडकते. नोंद जुन्या कागदी पुस्तकातच राहिली असेल, तर आरटीओकडून ती संगणकीय ‘वाहन’ प्रणालीत चढवून घेण्याची जबाबदारी पैसे देण्यापूर्वीच विक्रेत्यावर टाकावी.

यानंतर प्रश्न येतो शुल्काचा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. मोटारीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२पासून ५ हजार रुपये आणि आयात चारचाकीसाठी ४० हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५मधील अधिसूचनेने २० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ते अनुक्रमे १० हजार आणि ८० हजार रुपये केले. म्हणजेच नोंदणीत ‘आयात’ हा शब्द असणे वा नसणे, यावर दर पाच वर्षांचा ७० हजारांचा फरक अवलंबून आहे. महाराष्ट्रातील पर्यावरण कर, तपासणी, विमा आणि पीयूसी हे खर्च वेगळेच.

दुसरा मार्ग ‘व्हिंटेज’ नोंदणीचा. जुलै २०२१मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना ही नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि पुढील नूतनीकरण ५ हजार रुपये. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. हिशेब आकर्षक वाटतो, पण त्यास दोन अटी आहेत. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची : अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती यांपुरतीच मुभा असते. दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी जायचे असेल, तर हा मार्ग उपयोगाचा नाही.

बहुतेक युद्धकालीन जीप डाव्या हाताच्या सुकाणूच्या आहेत. कायद्याच्या कलम १२०नुसार अशा गाडीला चालू स्थितीतील यांत्रिक किंवा विद्युत संकेतदर्शक असणे बंधनकारक आहे. विमा घेताना पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीचे मूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. ते पुरेसे ठरवून घेतले नाही, तर अपघातानंतर हाती भंगाराचीच किंमत येते.

लोखंडाची परीक्षा

कागद नीट असतील, तर बाकीचे बरेच सोपे. २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे हे चार सिलिंडरचे इंजिन साधे आणि दणकट आहे. महिंद्रच्या जुन्या पेट्रोल जीपमधील इंजिन याच घराण्यातले असल्याने अंतर्भागातले अनेक भाग जुळतात. इतर कोणत्याही जुन्या विदेशी गाडीच्या तुलनेत भारतात जीप सांभाळणे सुकर आहे ते याचमुळे. मुंबईत कुर्ल्याच्या आणि दिल्लीत काश्मिरी गेटच्या बाजारात जीपच्या भागांचा शोध बहुधा वाया जात नाही.

खरा शत्रू गंज. बॉडीच्या तळाला आधार देणाऱ्या पन्हाळीसारख्या पट्ट्यांत लाकडी ठोकळे बसवलेले असत. ते पाणी धरून ठेवतात आणि पत्रा आतून खातात. कोकणात पावसाळे काढलेल्या गाडीची तर तळाशी पेचकस टोचूनच परीक्षा करावी. मागच्या कोपऱ्यांतील हत्यारांच्या पेट्या, चेसिसचा मागचा आडवा दांडा आणि चालकाच्या आसनाखालची पेट्रोलची टाकी या जागाही तपासाव्यात.

इंधनाबाबत एक नवी काळजी आहे. या इंजिनाचे कॉम्प्रेशन कमी असल्यामुळे आजच्या पेट्रोलचा ऑक्टेन त्याला पुरून उरतो. परंतु २०२५पर्यंत देशभर रूढ झालेल्या २० टक्के इथेनॉल मिश्रणाने जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा खराब होतो. इथेनॉल हवेतील ओलही शोषून घेते. इथेनॉलला टिकणारे पाइप आणि पडदे बसवणे व गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीने उभी न ठेवणे, हे दोन उपाय पुरेसे ठरतात.

चालवताना

जीप चालवणे ही आधुनिक एसयूव्ही चालवण्यापेक्षा निराळी विद्या आहे. गिअर तीनच, त्यामुळे ताशी ६० किलोमीटरच्या पुढे इंजिन कुरकुरू लागते. लिटरमागे सात-आठ किलोमीटरपेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये. चारही ब्रेक ड्रमचे आणि एकाच तेलवाहिनीवर अवलंबून असतात. एका चाकाशी गळती झाली, की चारही ब्रेक जातात. खंबाटकी किंवा आंबोलीसारख्या घाटात उतरण्यापूर्वी ब्रेक ऑइलची पातळी पाहणे हा म्हणूनच नियम असावा.

फोर-व्हील ड्राइव्हबाबत तर गैरसमजच फार. या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगातील फरक सामावून घेणारी मधली यंत्रणा नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढचा आस जोडून वळण घेतले, की ताण साचून गिअर आणि सांधे तुटू शकतात. चिखल, वाळू आणि ओला उतार यांसाठीच तो जोडावा. ‘लो’ गिअर घेताना आधी पुढचा आस जोडावा, मग दुसरा दांडा ओढावा. सैन्याच्या १९४४च्या नियमपुस्तिकेत दर हजार मैलांनी, म्हणजे सुमारे १,६०० किलोमीटरनंतर, ग्रीस भरण्याचा आदेश आहे. तो आजही तितकाच लागू पडतो.

बाजारात जीप दाखवली जाते ती उलट्या क्रमाने : आधी चकचकीत रंग, मग गुरगुरणारे इंजिन आणि शेवटी, जमल्यास, कागद. ग्राहकाने हा क्रम पालटावा. आधी आरसी बुक, मग चेसिसचा क्रमांक, त्यानंतर इंजिन आणि सर्वांत शेवटी पत्रा व रंग. पत्रा नवा ठोकता येतो, इंजिन पुन्हा बांधता येते. हरवलेली ओळख मात्र कोणत्याही गॅरेजात मिळत नाही. गाडी जपायची आहे की चालवायची आहे, हेही पैसे मोजण्यापूर्वी ठरवलेले बरे. कारण त्या उत्तरावरच नोंदणीचा मार्ग, पुढचा खर्च आणि जीपचे उरलेले आयुष्य ठरणार आहे.