षड्ज

षड्ज : भारतीय संगीतातील सात शुद्ध स्वरांपैकी पहिला व इतर सर्व स्वरांचा आधार असलेला स्वर. ‘सा’ हे त्याचे गायनातील संक्षिप्त नाव होय. ‘सहांना जन्म देणारा तो षड्ज’ अशी या शब्दाची एक परंपरागत व्युत्पत्ती आहे. नासा, कंठ, उर, तालू, जिव्हा व दंत या सहा स्थानांपासून उत्पन्न होणारा तो षड्ज, अशीही दुसरी व्युत्पत्ती प्राचीन ग्रंथांत आढळते. ऋषभ, गांधार, मध्यम, पंचम, धैवत व निषाद हे उरलेले सहा स्वर. यांपैकी षड्ज व पंचम हे अचल स्वर असून ऋषभ, गांधार, धैवत व निषाद यांची कोमल, तर मध्यमाचे तीव्र अशी विकृत रूपे होतात. अशा रीतीने एका सप्तकात एकूण १२ स्वर मानले जातात.

षड्जाविषयी लक्षात घ्यावयाची मुख्य गोष्ट ही, की तो एखाद्या ठराविक उंचीचा ध्वनी नव्हे. ध्वनीची उंची दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येवर अवलंबून असते. गायक आपल्या कंठास सोयीची अशी कोणतीही उंची षड्ज म्हणून स्वीकारू शकतो. ती एकदा ठरली, की इतर स्वरांच्या जागा आपोआप निश्चित होतात. उदा., षड्ज २४० कंपनांचा धरल्यास पंचम ३६० कंपनांचा येतो. षड्ज २०० कंपनांचा धरल्यास पंचम ३०० कंपनांचा येतो. दोन्ही ठिकाणी कंपनसंख्या निराळ्या असल्या, तरी त्यांचे ३ : २ हे गुणोत्तर कायम राहते. कान ओळखतो ते हे गुणोत्तर. मध्यमाचे षड्जाशी प्रमाण ४ : ३, शुद्ध गांधाराचे ५ : ४ व तार षड्जाचे २ : १ असे असते. म्हणून स्वरांची नावे ही मूलतः नात्यांची नावे आहेत.

षड्जाचा आधार सतत ऐकू यावा, यासाठी तंबोऱ्याची योजना असते. त्याच्या चार तारा बहुधा मंद्र पंचम, षड्जाची जोडी व खर्ज अशा मिळविल्या जातात. तारा उत्तम जुळल्या व जवारी नीट लागली, म्हणजे खर्जाच्या तारेतून न छेडलेला गांधारही ऐकू येतो. यास स्वयंभू गांधार म्हणतात. खर्जाच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपट कंपनसंख्येचा तो उपस्वर होय.

गायकाने स्वीकारलेल्या षड्जास व्यवहारात ‘पट्टी’ म्हणतात. हा शब्द पेटीच्या (हार्मोनियमच्या) पट्ट्यांवरून रूढ झाला. पेटीच्या एका सप्तकात सात पांढऱ्या व पाच काळ्या पट्ट्या असून ‘पांढरी एक’, ‘काळी चार’ अशी त्यांची नावे आहेत. पुरुष गायक बहुधा काळी एक वा काळी दोनच्या आसपास, तर स्त्रिया काळी चार वा काळी पाचच्या आसपास षड्ज धरतात. पेटीचे सप्तक १२ समान प्रमाणांत विभागलेले असल्याने कोणत्याही पट्टीस षड्ज मानता येते. मात्र त्यामुळे काही स्वर नैसर्गिक जागेपासून किंचित सरकतात. षड्ज २४० कंपनांचा असता शुद्ध गांधार ३०० कंपनांचा हवा. पेटीवर तो सु. ३०२·४ कंपनांचा येतो. हा दोष व मींड काढण्यातील असमर्थता हे पेटीवरील प्रमुख आक्षेप होत. १९४० मध्ये आकाशवाणीवर पेटीच्या वापरास बंदी घालण्यात आली; ती १९७१ मध्ये अंशतः उठविण्यात आली.

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) व विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी रूढ केलेल्या स्वरलेखनपद्धतींच्या मुळाशी चल षड्जाचेच तत्त्व आहे. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेषा, तीव्र मध्यमावर उभी रेषा, मंद्र स्वराखाली बिंदू व तार स्वरावर बिंदू देतात. पलुस्कर पद्धतीत मंद्र स्वरावर बिंदू व तार स्वरावर उभी रेषा असते. चिन्हे भिन्न असली, तरी दोन्ही पद्धती स्वराची कंपनसंख्या सांगत नाहीत. त्यामुळे एकच लेखन कोणत्याही पट्टीत गाता येते.

लेखी शास्त्राचा आधार नसलेल्या लोकसंगीतातही हे तत्त्व पाळलेले दिसते. भंडारा जिल्हा हा पूर्व विदर्भातील झाडीपट्टीचा भाग असून दंडार व खडी गंमत हे तेथील परंपरागत लोकाविष्कार आहेत. शाहिरी गायनातील तुणतुण्यास एकच तार असते. गाण्यापूर्वी खुंटी पिळून ती तार गाणाऱ्याच्या गळ्याशी मिळवून घेतली जाते. गळा तारेसाठी ताणला जात नाही. स्वरांची शास्त्रीय नावे ठाऊक नसतानाही गायक आपला षड्ज अशा प्रकारे अचूक ठरवितो. गावोगावच्या भजनी मंडळांतही गायक बदलला, की पेटीवादक पट्टी बदलतो.

शालेय संगीतशिक्षणात मात्र याच्या उलट प्रकार पुष्कळदा घडतो. पांढरी एक म्हणजेच ‘सा’ अशी समजूत झाल्यास, किंवा शिक्षकाचीच पट्टी सर्व वर्गास लागू केल्यास, ज्या मुलाच्या कंठास ती पेलत नाही, त्यास ‘बेसूर’ ठरविले जाते. वस्तुतः तेच मूल दोन-तीन पट्ट्या खाली वा वर सुरात गाऊ शकते. वयात येताना मुलाचा आवाज फुटतो व सु. एक सप्तक खाली उतरतो. त्या काळात जुनी पट्टी न सुटल्यास मूल गाणेच सोडून देण्याचा संभव असतो. म्हणून मुलास प्रथम ओळखीचे गीत सहज गावयास सांगून त्याची सोयीची पट्टी शोधावी, मंद्र पंचमापासून तार गांधारापर्यंत गळा ताण न पडता फिरतो की नाही ते पाहावे व नंतरच अलंकारांचा अभ्यास सुरू करावा. समूहगीतासाठी बहुसंख्य मुलांना पेलेल अशी मधली पट्टी निवडणे इष्ट असते. सात स्वरांची नावे पाठ होण्यापूर्वी स्वतःचा षड्ज कानाने ओळखता येणे, ही संगीतशिक्षणाची पहिली पायरी होय.