उडून आलेलं इंजिन

१६ नोव्हेंबर २०२२ रोजी आर्टेमिस-१ या चांद्रमोहिमेचं रॉकेट उडालं आणि आठेक मिनिटांत त्याच्या मुख्य टप्प्याचं काम आटोपलं. पुढे तो टप्पा प्रशांत महासागरात पडला. त्याच्या तळाशी आरएस-२५ जातीची चार इंजिनं होती. चारही आधी स्पेस शटलवर उडालेली. दोन तर जुलै २०११ मधल्या शटलच्या अखेरच्या उड्डाणातली. वारंवार वापरता यावीत म्हणून घडवलेली इंजिनं अशी समुद्रात जातात, याची मला आजही हळहळ वाटते.

या इंजिनाचा हायड्रोजन पंप मिनिटाला ३५ हजारांच्या आसपास फेरे घेतो. एकीकडे उणे २५३ अंश सेल्सिअसचा द्रव हायड्रोजन, तर त्याच पंपाच्या दुसऱ्या टोकाला टर्बाइनची पाती भाजून काढणारा वायू. सुरुवातीच्या काळात या पात्यांना भेगा जात. मग उड्डाण झालं की पंप काढा, तपासा, पुन्हा बसवा. शटलच्या पोटाखालच्या उष्णतारोधक फरशा हजारोंनी, त्याही बारकाईने पाहाव्या लागत. वर्षाला डझनावारी उड्डाणांचं स्वप्न होतं. तीस वर्षांत झाली १३५. पुनर्वापराची कल्पना चुकीची नव्हती. परत आलेलं यंत्र दरवेळी उघडावं लागत होतं, तिथे शटल हरलं.

माणसं बसवायची तर खर्चाआधी जिवाचा प्रश्न येतो. २००३ मध्ये कोलंबिया या शटलच्या पंखावर आदळलेला फोमचा तुकडा सुटला होता तो दर उड्डाणात टाकून द्यायच्या टाकीवरून. कल्पना चावलासह सातही जण गेले. उलट ऑक्टोबर २०१८ मध्ये एकदाच वापरायच्या सोयूझ रॉकेटचा बूस्टर नीट सुटला नाही, मधल्या टप्प्यावर आदळला, तरी आतले दोघे सुखरूप उतरले. कारण संकटात कुपी रॉकेटपासून ओढून नेण्याची सोय होती. शटलला तशी सोयच नव्हती. म्हणून रॉकेट नवं की वापरलेलं, एवढ्यावरून सुरक्षिततेचा निवाडा करू नये.

२३ एप्रिल २०२१ ला फाल्कन-९ रॉकेटच्या, एकदा उडून परत आलेल्या बूस्टरवर प्रथमच माणसं बसली. त्याच बूस्टरने आदल्या नोव्हेंबरात दुसऱ्या चौघांना वर नेलं होतं. बाहेरून तो काजळीने काळवंडलेला. अंतराळवीरांनी त्या काजळीत बोटाने आपली आद्याक्षरं काढली. मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. कारखान्यातून आलेल्या इंजिनाची चाचणी जमिनीवर झालेली असते. या नऊ इंजिनांनी मात्र खरं उड्डाण सोसलं होतं, आणि अभियंत्यांना ती हाताने चाचपता आली होती. अर्थात बूस्टरला परत उतरण्यासाठी इंधन राखावं लागतं, तेवढं वजन वर कमी जातं. शिवाय वरचा टप्पा, त्याच्या इंजिनासह, याही रॉकेटचा वायाच जातो.

आपल्या गगनयान या मानवी मोहिमेचं एलव्हीएम-३ रॉकेट पूर्णपणे एकदाच वापरायचं आहे. मोजक्या उड्डाणांसाठी मला ते पटतं, आणि इस्रोने सुटकेची यंत्रणा आधी हाती घेतली, हे तर फारच योग्य झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये श्रीहरिकोट्याहून तिची उड्डाणचाचणी यशस्वी झाली. पहिला टप्पा परत आणणाऱ्या नव्या पिढीच्या रॉकेटला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे. ते तयार होईपर्यंत आपल्या इंजिनांवर उड्डाणात काय गुदरलं, हे टेलिमेट्रीच्या, म्हणजे उड्डाणादरम्यान रॉकेटने पाठवलेल्या, आकड्यांवरूनच ओळखावं लागेल.