मालेगावकरांनी पाहावे असे 'बेस्ट'चे संग्रहालय

मालेगाव : सुट्टीत मुलांना आगगाडी दाखवायची, तर मालेगावच्या पालकांना मनमाड गाठावे लागते. शहराचा सारा प्रवास एसटीवर आणि मुंबई-आग्रा महामार्गावर अवलंबून. त्यामुळे मुंबईला नातलगांकडे जाणाऱ्या कुटुंबांनी राणीच्या बागेबरोबर आणखी एक ठिकाण यादीत घेण्यास हरकत नाही. ते म्हणजे 'बेस्ट'च्या आणिक आगारातील वाहतूक संग्रहालय.

१९८४ मध्ये कुर्ला आगारात सुरू झालेले हे संग्रहालय १९९३ मध्ये आणिकला हलविण्यात आले. ट्राम व बसगाड्यांच्या प्रतिकृती, जुनी छायाचित्रे, तिकिटे आणि विजेचे मीटर असा येथील ऐवज आहे. मुलांचे पाय प्रथम थबकतात ते घोड्यांच्या ट्रामपाशी. ९ मे १८७४ रोजी मुंबईत रुळांवरून ही ट्राम धावू लागली. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली आणि घोड्यांचे काम संपले.

विजेच्या ट्रामला डोक्यावर एकच तार का, असा प्रश्न चौकस मूल विचारतेच. तारेतून आलेला प्रवाह मोटार फिरवून लोखंडी रुळांतून परत जातो, म्हणून एक तार पुरते. १९६२ मध्ये मुंबईत आलेल्या ट्रॉलीबसला मात्र रबरी टायर होते, रूळ नव्हते. तिला परतीसाठी दुसरी तार लागे. ही सेवा १९७१ मध्ये बंद पडली. आताच्या विजेच्या बसला तारच नाही, कारण वीज बॅटरीत साठवलेली असते. शाळेतील विद्युत मंडलाचा धडा इतक्या सहज क्वचितच उलगडत असेल.

शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला गेली. रस्त्यावरील गर्दीत रूळ अडचणीचे वाटू लागले होते. त्याच मुंबईत आज मेट्रोसाठी पुन्हा रूळ टाकले जात आहेत, ही गंमत मुलांना जरूर सांगावी.

मोठी माणसे रेंगाळतात ती तिकिटांपाशी. रंगीत तिकिटांचा ट्रे आणि वाहकाचा पंच एसटीतही होता. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली; तेव्हापासूनच्या किती पिढ्यांनी पंचची ती टकटक ऐकली असेल! हातातील यंत्रातून निघणारी पांढरी पट्टीच तिकीट म्हणून ओळखणाऱ्या मुलांना हे समजावण्यात आजोबांचा वेळ चांगला जातो.

मालेगावमार्गे जाणाऱ्या ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. तो होईपर्यंत मालेगावकरांना एसटीने थेट किंवा मनमाडहून रेल्वेने मुंबई गाठता येते. आणिक आगार शीव-वडाळा परिसरात आहे. तेथे बसगाड्यांची वर्दळ असल्याने लहान मुलांचा हात सोडू नये. संग्रहालय कोणत्या दिवशी व किती वाजता उघडे असते, याची 'बेस्ट'कडे आधी चौकशी करूनच निघावे.