चौदाव्या वर्षी वर्तवलेले भविष्य

3 एप्रिल 2004 रोजी वॉशिंग्टनच्या आरएफके स्टेडियममध्ये डी. सी. युनायटेड आणि सॅन होजे अर्थक्वेक्स यांचा सामना रंगला होता. उत्तरार्धात बदली खेळाडू म्हणून एक मुलगा मैदानात उतरला आणि प्रेक्षक उठून उभे राहिले. फ्रेडी अडूचे वय त्या दिवशी 14 वर्षे 306 दिवस होते. म्हणजे आपल्याकडे तो फार तर नववीत असता. समोर खेळत होते ते मात्र बायकामुले असलेले, घराचे हप्ते फेडणारे व्यावसायिक फुटबॉलपटू. दोनच आठवड्यांनी त्याने गोलही केला आणि अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमधला तो सर्वांत लहान गोलवीर ठरला.

घानामध्ये जन्मलेला आणि आठव्या वर्षी कुटुंबासह अमेरिकेत आलेला हा मुलगा तोवर घराघरात पोहोचला होता. बूट बनवणाऱ्या नायकेने त्याच्याशी सुमारे दहा लाख डॉलरचा करार केला, तेव्हा तो 13 वर्षांचा होता. एका शीतपेयाच्या जाहिरातीत तो साक्षात पेलेसोबत झळकला. लीगमधला सर्वाधिक पगार त्यालाच होता. ‘नवा पेले’ हे बिरुद मग कुणी द्यावे लागले नाही, ते आपसूकच चिकटले.

पुढचा प्रवास असा. 2007 मध्ये पोर्तुगालचा बेनफिका क्लब. तिथून फ्रान्स, पुन्हा पोर्तुगाल, ग्रीस आणि तुर्कस्तान इथल्या क्लबांना उसनवारीवर. मग अमेरिकेत परत. त्यानंतर ब्राझील, सर्बिया, फिनलंड. शेवटी स्वीडनमधला खालच्या स्तरावरचा एक क्लब, ज्याने 2021 च्या सुरुवातीला त्याला एकही अधिकृत सामना न खेळवता मोकळे केले. सगळे मिळून देश झाले नऊ. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाकडून तो 17 सामने खेळला, दोन गोल केले. विश्वचषकाच्या संघात मात्र त्याचे नाव कधीच आले नाही.

अशा कहाण्यांचे स्पष्टीकरण तयारच असते. प्रसिद्धी डोक्यात गेली, पैसा लवकर आला, मेहनत कमी पडली. अडूने स्वतःही नंतर मान्य केले आहे की, उपजत गुणांच्या भरवशावर तो राहिला आणि हवे तेवढे कष्ट त्याने घेतले नाहीत. पण क्रीडावैज्ञानिक या कहाणीकडे दुसऱ्या टोकाकडून पाहतात. मुलगा कुठे चुकला, हे विचारण्याआधी ते विचारतात की, 14 व्या वर्षी केलेले भाकीत मुळात कितपत भरवशाचे होते?

जर्मनीतील संशोधक आर्ने ग्युलिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023 मध्ये वेगवेगळ्या खेळांमधल्या 38 हजारांहून अधिक खेळाडूंची माहिती एकत्र करून तपासली. सतरा-अठरा वर्षांखालील गटात आंतरराष्ट्रीय पातळी गाठलेल्यांपैकी सुमारे 89 टक्के मुले मोठेपणी त्या पातळीवर पोहोचलीच नाहीत. उलट बाजू आणखी बोलकी आहे. मोठेपणी आंतरराष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्यांपैकी सुमारे 82 टक्के जण कुमारवयात त्या पातळीवर नव्हते. म्हणजे कुमार गटातले तारे आणि मोठ्या गटातले तारे हे बव्हंशी दोन वेगळेच गट आहेत. अडू हा अपवाद नव्हे. अपवाद आहे तो 2003 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकातला दुसरा एक मुलगा. त्या स्पर्धेत अडूने दक्षिण कोरियाविरुद्ध हॅटट्रिक केली होती, पण सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला स्पेनच्या सेस्क फाब्रेगासला. तो पुढे 2010 मध्ये जगज्जेता झाला.

असे का होते, याचे निम्मे उत्तर मैदानावर नाही, शरीरात आहे. मुलग्यांची उंची सर्वाधिक वेगाने वाढते ती साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास, आणि त्या काळात ती वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरने वाढू शकते. ही सरासरी झाली. कुणाची ही उसळी बाराव्या वर्षी येते, कुणाची सोळाव्या. पाठोपाठ टेस्टोस्टेरॉनमुळे स्नायू भरतात, वेग आणि ताकद वाढते. त्यामुळे एकाच वर्गातल्या, एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मुलांच्या शरीराच्या वयात चार-पाच वर्षांचेही अंतर असू शकते. कुमार गटाचा कोणताही सामना पाहा. एका मुलाला मिसरूड फुटलेली असते आणि त्याला अडवायला धावणाऱ्याचा आवाजही अजून फुटलेला नसतो. पहिला मुलगा तिघांना मागे टाकून गोल करतो. टाळ्या पडतात, निवड समितीच्या वहीत नाव जाते. त्या गोलात कौशल्य किती आणि लवकर आलेले वय किती, हे बाहेरून सांगता येत नाही.

जन्मतारीखही असाच खेळ करते. 1980 च्या दशकात कॅनडात मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली पत्नी पॉला यांच्यासह आइस हॉकीचा सामना पाहायला गेले होते. कार्यक्रमपत्रिकेतल्या खेळाडूंच्या जन्मतारखा वाचताना पॉला यांच्या लक्षात आले की, जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चमध्ये जन्मलेली मुलेच फार दिसतात. कारण साधे होते. गटासाठी वयाची गणना 1 जानेवारीपासून होत होती, म्हणून जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठा असूनही दोघे एकाच गटात खेळत. याला सापेक्ष वयाचा परिणाम म्हणतात. फुटबॉलमध्ये त्याचा जणू प्रयोगच झाला. बेल्जियममध्ये 1997 मध्ये गणनेची तारीख 1 ऑगस्टवरून 1 जानेवारीवर नेली, तेव्हा कुमार संघांमध्ये निवडल्या जाणाऱ्या मुलांचे जन्ममहिनेही ऑगस्ट-ऑक्टोबरवरून जानेवारी-मार्चकडे सरकले. गुणवत्ता एका परिपत्रकाने महिना बदलत नाही. बदलली होती ती फक्त मोजपट्टी.

शरीराचे वय आणि जन्मदाखल्यावरचे वय यांतली तफावत भारतीय वाचकांना वयचोरीच्या बातम्यांमुळे ठाऊक आहे. 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, नवी मुंबई आणि मडगावजवळच्या फातोर्ड्याच्या मैदानावर त्याचे सामने रंगले. या स्पर्धेसाठी फिफा 2009 पासून मनगटाची एमआरआय तपासणी वापरत आली आहे. मनगटाजवळ हाडाच्या टोकाला कूर्चेचा एक थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड लांबीने वाढते ते इथे. वाढ संपली की हा थर हाडात मिसळून जातो. तो पूर्ण मिसळलेला दिसला तर मुलगा सतराच्या आतला असण्याची शक्यता अगदीच कमी असते. क्ष-किरण टाळता येतात, हा एमआरआयचा फायदा. पण तपासणीची दुसरी बाजू अशी की, हाड मोजते ते वाढ, वाढदिवस नव्हे. खरा दाखला असलेला पण लवकर वयात आलेला मुलगा या सीमारेषेच्या जवळ सहज येऊ शकतो.

लवकर वाढलेल्या मुलाची आघाडी कायमची नसते. सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत बाकीचे त्याला उंचीत आणि ताकदीत गाठतात. तोवर वेगाच्या जोरावर निभावून गेल्यामुळे अरुंद जागेत चेंडू राखणे, दोन पास पुढचे पाहणे, या गोष्टी त्याच्या अंगवळणी पडलेल्या नसतात. उशिरा वाढणाऱ्याला दुसरा इलाजच नसतो, धडक टाळायची तर डोके चालवावे लागते. अट एकच, तोवर त्याला संघातून काढलेले नसावे. इंग्लंडच्या जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडे क्लबने सोळाव्या वर्षी बारीक चणीचा म्हणून नारळ दिला होता. 2016 मध्ये लेस्टर सिटीने प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा तो त्या संघाचा प्रमुख आघाडीवीर होता. लायोनेल मेस्सीची गोष्ट तर वैद्यकीयच. त्याच्या शरीरात वाढीचे संप्रेरक कमी होते, त्यावर उपचार झाले आणि त्या उपचारांचा खर्च उचलण्याची तयारी बार्सिलोनाने दाखवली. त्याच्या वाट्याला ते आले, किती जणांच्या वाट्याला आले नसेल याची नोंद कुठे होत नाही.

उंचीची उसळी येते त्या वर्षी आणखी एक धोका असतो. हाडे आधी लांब होतात, स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणारे कंडर मागून येतात. ते ताणलेले राहतात आणि हाडाच्या अजून कच्च्या भागावर ओढ बसते. गुडघ्याच्या वाटीखाली दुखरा उंचवटा येतो तो ऑसगुड-श्लाटर, टाच दुखते तो सेव्हर्स. शरीराचा तोलही काही महिने बिघडतो, कालपर्यंत सफाईने खेळणारा मुलगा अचानक धडपडू लागतो. नेदरलँड्समधल्या कुमार फुटबॉलपटूंच्या अभ्यासात या वर्षात दुखापती वाढलेल्या आढळल्या. आणि नेमके हेच वर्ष निवड चाचण्यांचे असते.

दुखापतीला अर्थात वयाचे बंधन नाही. 2017 मध्ये फातोर्ड्याच्या मैदानावर अमेरिकेविरुद्ध आणि नंतर कोलकात्यात ब्राझीलविरुद्ध हॅटट्रिक करणारा इंग्लंडचा रियान ब्रूस्टर आठ गोलांसह स्पर्धेचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला होता. तीन महिन्यांत त्याचा घोटा आणि गुडघा दुखावला, वर्षभर तो बाहेर राहिला. 2020 मध्ये शेफील्ड युनायटेडने त्याच्यासाठी 2 कोटी पौंडांहून जास्त रक्कम मोजली, पण प्रीमियर लीगच्या त्या पहिल्या मोसमात त्याला एकही गोल करता आला नाही. त्याच संघातला फिल फोडेन मँचेस्टर सिटीचा तारा झाला. 28 ऑक्टोबर 2017 ला कोलकात्यात अंतिम सामना जिंकल्यावर दोघे शेजारी उभे असतील, तेव्हा कोण कुठे जाणार हे छातीठोकपणे सांगणारा एखादा तज्ज्ञ सापडला असता का?

मनाचा हिशेब वेगळाच असतो. बोयान क्रकिच हा बार्सिलोनाच्या अकादमीत गोलांचा पाऊस पाडणारा मुलगा. सप्टेंबर 2007 मध्ये 17 व्या वर्षी त्याने पहिल्या संघातून पदार्पण केले आणि त्याच मोसमात लीगमध्ये दहा गोल केले. ‘नवा मेस्सी’ म्हणून गवगवा झाला, तेव्हा जुना मेस्सीही वीसच वर्षांचा होता. फेब्रुवारी 2008 मध्ये फ्रान्सविरुद्धच्या सामन्यासाठी स्पेनच्या संघात त्याची निवड झाली. तो खेळला नाही. पोट बिघडल्याचे जाहीर झाले. खरे कारण त्याने दहा वर्षांनी एका मुलाखतीत सांगितले. त्याला चक्कर येत होती, डोके सतत गरगरत होते, तो तीव्र चिंतेचा झटका होता. त्या उन्हाळ्यात युरो स्पर्धेलाही त्याने नकार दिला. स्पेनने ती स्पर्धा जिंकली, आणि त्याने मात्र देशाला नकार दिला, अशी चर्चा झाली. पुढे स्पेनसाठी तो एकच सामना खेळला. मोडलेल्या पायाला प्लास्टर दिसते, लोक दार उघडून धरतात. बोयानचे दुखणे लपवण्यासाठी दुसऱ्या आजाराचे नाव घ्यावे लागले, हे 2008 मधल्या फुटबॉलविषयी पुरेसे सांगते.

घानाचा नी लॅम्टे 1991 च्या सतरा वर्षांखालील स्पर्धेत सर्वोत्तम ठरला, पेलेने आपला वारस म्हणून त्याचे नाव घेतले. घरी वडिलांची मारहाण सोसत तो वाढला होता, शाळा जेमतेम झाली होती, समोर ठेवलेले करार त्याला नीट वाचता येत नव्हते आणि एजंटाने त्याचा फायदा उठवला. खेळ संपल्यावर त्याने अक्रामध्ये शाळा काढली.

ज्यांची नावे कधीच छापून येत नाहीत, त्यांची संख्या अर्थातच मोठी. ब्रिटनमध्ये 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अकादमीतून वगळलेल्या किशोरवयीन खेळाडूंची मानसिक स्थिती तपासली होती. वगळल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांमध्ये मानसिक त्रास वैद्यकीयदृष्ट्या दखल घ्यावी इतका होता. आठव्या वर्षापासून ‘मी फुटबॉलपटू’ एवढीच ओळख असलेल्या मुलाकडून ती एका बैठकीत काढून घेतली जाते, तेव्हा उरलेल्या मुलाचे काय करायचे हे घरच्यांनाही कळत नाही.

काही ठिकाणी मोजपट्टी बदलायला सुरुवात झाली आहे. मुलाची उंची, वजन आणि आईवडिलांची उंची यांवरून त्याची प्रौढपणीची उंची बऱ्यापैकी अंदाजता येते. सध्या तो त्या उंचीच्या किती टक्क्यांवर आहे, यावरून वाढीचा टप्पा कळतो, आणि त्या टप्प्यानुसार संघ पाडता येतात. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठाचे शॉन कमिंग आणि प्रीमियर लीग यांनी 11 ते 14 वर्षांच्या मुलांची अशी स्पर्धा घेतली. त्यात 85 ते 90 टक्के उंची गाठलेली मुलेच एकमेकांशी खेळली. लवकर वाढलेल्यांना पहिल्यांदाच धक्क्याने काम भागेना, उशिरा वाढणाऱ्यांच्या पायात पहिल्यांदाच चेंडू टिकू लागला. दोघांनाही ती स्पर्धा आवडली. बेल्जियमच्या महासंघाने तर उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळा राष्ट्रीय संघच ठेवला आहे.

यातले बरेचसे भिंतीवर पेन्सिलने खुणा करूनही साधते. दर तीन महिन्यांनी मुलाची उंची मोजून लिहून ठेवली आणि ती झपाट्याने वाढताना दिसली, बूट लवकर लवकर आखूड होऊ लागले, तर तेवढे महिने उड्या आणि धावण्याचा भार कमी करणे प्रशिक्षकाला सांगता येते. सरावाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, असा एक साधा दंडक अमेरिकेतले क्रीडावैद्यक तज्ज्ञ सांगतात. तेरा वर्षांच्या मुलाला तेरा तास. वर्षातले काही महिने दुसरा खेळ खेळलेला बरा, असेही ते सुचवतात. गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखणे दोन-तीन आठवडे टिकले तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे. झोप उडाली, सामन्याच्या सकाळी पोटात गोळा येऊन खाणे जाईनासे झाले, तर तेही दुखणेच समजावे.

अडूचा विक्रम वीस वर्षे टिकला. 17 जुलै 2024 रोजी फिलाडेल्फिया युनियनकडून कॅव्हन सुलिव्हन बदली खेळाडू म्हणून उतरला, तेव्हा त्याचे वय होते 14 वर्षे 293 दिवस, अडूपेक्षा तेरा दिवसांनी कमी. त्याच्या करारात अठरा पूर्ण झाल्यावर मँचेस्टर सिटीला जाण्याची वाट तोवर आखून झाली होती.