कुंपणालगतचे हॉटेल

कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइम शहरात डिस्नीलँडला लागून ‘ग्रँड कॅलिफोर्नियन’ नावाचे हॉटेल आहे. हॉटेलच्या आवारातूनच एक वाट निघते. पिशव्यांची तपासणी होते, तिकीट यंत्राला दाखवायचे, की माणूस थेट ‘कॅलिफोर्निया अॅडव्हेंचर’ या उद्यानात, अस्वलाच्या आकाराच्या डोंगरापाशी पोचतो. भाचीच्या कुटुंबाबरोबर मी तिथे राहिलो होतो. दुपारी दोनला तिची चार वर्षांची मुलगी उन्हाने आणि दमणुकीने रडकुंडीला आली. थोड्याच वेळात ती खोलीत गाढ झोपली होती आणि संध्याकाळी आम्ही सगळे पुन्हा आत. हॉटेलवाला खोलीबरोबर नेमके काय विकतो, ते मला त्या दुपारी समजले.

मुंबईला परतल्यावर त्या दाराचा इतिहास शोधू लागलो. वाटले होते, एवढी मोठी कंपनी, तिचेच उद्यान, तिचेच हॉटेल. भिंतीत दार पाडायला कितीसा वेळ? प्रत्यक्षात हॉटेल उद्यानाशेजारी आल्यापासून हे दार उघडेपर्यंत पंचेचाळीस वर्षे गेली होती.

वॉल्ट डिस्नी यांनी अॅनाहाइममधल्या संत्र्यांच्या बागांची सुमारे १६० एकर जमीन घेऊन १७ जुलै १९५५ रोजी डिस्नीलँड उघडले. खर्च १ कोटी ७० लाख डॉलरपर्यंत गेला होता. एबीसी या टीव्ही कंपनीला भागीदार करून घेतले, तेव्हा कुठे हिशोब जुळला. हॉटेलसाठी पैसा उरला नव्हता. लॉस एंजेलिसहून येणाऱ्या माणसाला रात्री टेकायला जागा तर हवी होती, म्हणून डिस्नींनी जॅक रॅदर यांना गळ घातली. रॅदर मूळचे टेक्सासचे, तेलाच्या धंद्यातले आणि पुढे टीव्ही मालिकांचे निर्माते. त्यांनी रस्त्यापलीकडे हॉटेल बांधले आणि ५ ऑक्टोबर १९५५ला ते सुरू झाले. मोबदल्यात ‘डिस्नीलँड हॉटेल’ हे नाव वापरायचा हक्क त्यांना दीर्घ मुदतीने मिळाला. नाव डिस्नीचे, गल्ला रॅदर यांचा. निकडीच्या वेळी केलेला करार पुढच्या पिढीला कसा जाचतो, याचे इतके ठळक उदाहरण मी दुसरे पाहिलेले नाही.

उद्यानाभोवती डिस्नींनी मातीचा उंच बांध घातला होता. बाहेरचे जग आतून दिसता कामा नये, हा हट्ट. शेजाऱ्याचे हॉटेल मात्र वाढत गेले. १९६०च्या दशकापासून त्याचे उंच मनोरे उभे राहू लागले. इतरही कंपन्या उंच हॉटेले बांधू पाहत होत्या. डिस्नींच्या आग्रहावरून शहराने उद्यानाच्या परिसरातल्या इमारतींवर उंचीची मर्यादा घातली. शेजाऱ्याने किती उंच व्हावे हे उद्यानातल्या प्रेक्षकाच्या नजरेवरून ठरवायचे, ही कल्पना आपल्याला गंमतीची वाटेल. तिथे तो कायदा झाला.

दोन मालकांमधला पहिला खरा दुवा १९६१ साली जोडला गेला. उद्यानात १९५९पासून फिरणारी मोनोरेल रस्ता ओलांडून हॉटेलच्या अंगणात आली. पाहुणा जेवणघरापासून डब्यात बसून थेट ‘टुमॉरोलँड’मध्ये उतरू लागला. त्यात एक अडचण होती आणि ती आजही आहे: गाडी उद्यानाच्या आतच उतरवते, त्यामुळे चढतानाच उद्यानाचे तिकीट हवे. म्हणजे कुंपण हलून स्थानकाच्या जिन्यापाशी आले. हॉटेल आणि उद्यान जोडण्याचा कोणताही आराखडा शेवटी याच प्रश्नापाशी अडतो. तिकिटाची रेघ कुठे आखायची? ती हॉटेलच्या फार जवळ आणली, तर नुसते जेवायला आलेले गिऱ्हाईक अडते. लांब ठेवली, तर पाहुण्याला बाहेरच्याइतकेच चालावे लागते आणि जास्त भाडे भरल्याचे समाधान उरत नाही.

रॅदर असेपर्यंत हॉटेल डिस्नी कंपनीला मिळाले नाही. ते १९८४मध्ये वारले. १९८८मध्ये डिस्नीने त्यांची अख्खी कंपनीच विकत घेतली, तेव्हा हॉटेल हाती आले. त्यापायी लाँग बीचच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या ‘क्वीन मेरी’ या जुन्या जहाजाचा कारभारही काही वर्षे गळ्यात पडला.

त्यानंतरची आखणी मात्र बारकाईने वाचण्यासारखी आहे. उद्यानाच्या जुन्या वाहनतळाच्या जागी २००१मध्ये कॅलिफोर्निया अॅडव्हेंचर उभे राहिले आणि त्याच्या अंगाला चिकटून, वास्तुविशारद पीटर डॉमिनिक यांच्या आराखड्याचे ग्रँड कॅलिफोर्नियन. हॉटेल उद्यानातून दिसणारच होते. मग लपवायचे कशाला? लाकूड, दगड, उतरती छपरे अशी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कॅलिफोर्नियाची शैली घेतली आणि इमारत त्या अस्वल-डोंगराच्या देखाव्याचाच भाग झाली. मोनोरेल हॉटेलच्या मधूनच जाते. बाहेर रॅदरकालीन हॉटेलचे बैठे भाग पाडून ‘डाउनटाउन डिस्नी’ ही दुकानांची गल्ली झाली. तिला तिकीट नाही. तिकिटाच्या रेघेचे कोडे त्यांनी असे सोडवले, की मध्ये एक विनातिकीट पट्टा आणि हॉटेलच्या पोटातून एकच अरुंद दार. २००९मध्ये हॉटेल वाढवून दोनशेहून अधिक खोल्या आणि ५० व्हिला जोडले, तेव्हाही दार बदलले नाही, फक्त त्याच्यामागची माणसे वाढली.

आपल्याकडे खोपोलीजवळ इमॅजिका २०१३ साली सुरू झाले आणि शेजारचे नोव्होटेल २०१५ साली. क्रम तोच, आधी उद्यान आणि मग मुक्काम. मुंबई-पुण्याचा माणूस मात्र संध्याकाळी एक्स्प्रेस-वेने घरी परतू शकतो. तिथे त्याला रात्री थांबवणे हेच हॉटेलचे काम.

अॅनाहाइमला पैशाचा पदर आणखी गुंतागुंतीचा आहे. शहर खोलीभाड्यावर १५ टक्के कर घेते. १९९७मध्ये रस्ते, अधिवेशन केंद्र आणि डिस्नीच्या पाहुण्यांसाठीचे प्रचंड वाहनतळ यांसाठी शहराने ५१ कोटी डॉलरचे रोखे काढले. परतफेड त्याच परिसरातल्या करांतून. हॉटेल वाढले की कर वाढतो, म्हणून हॉटेल वाढवण्यासाठी शहरच कर सोडते, असे चक्र सुरू झाले. २०१६मध्ये डिस्नीच्या ७०० खोल्यांच्या नव्या आलिशान हॉटेलला वीस वर्षे खोली-कराचा ७० टक्के भाग परत द्यायचे ठरले. नंतर कंपनीने हॉटेलची जागा सरकवून डाउनटाउन डिस्नीत आणली. तीही जवळपणासाठीच, असे मला वाटते. त्यासाठी २०१८च्या जूनमध्ये तिथली चालती उपाहारगृहे आणि चित्रपटगृह बंद झाले. ऑगस्टमध्ये शहराने कळवले: करार जुन्या जागेचा होता, नव्या जागेला लागू नाही. ऑक्टोबरमध्ये हॉटेलच रद्द झाले. उपाहारगृहांतल्या माणसांच्या नोकऱ्या त्याआधीच गेल्या होत्या.

त्याच नोव्हेंबरात मतदारांनी ठरवले, की शहराकडून कर-सवलत घेणाऱ्या पर्यटन व्यवसायांनी तासाला किमान १५ डॉलर मजुरी द्यावी. आम्हाला सवलत नाही, ही डिस्नीची भूमिका. कामगार न्यायालयात गेले. १९९७चा तो रोख्यांचा व्यवहार ही सवलतच होती, असे २०२३मध्ये अपील न्यायालयाने ठरवले. आमच्या खोलीच्या चादरी बदलणाऱ्या बाईंच्या पगाराचा निकाल वाहनतळाच्या जुन्या कर्जरोख्यांवरून लागावा, हे मला सगळ्यात विलक्षण वाटले.

आता नकाशाच बदलला आहे. नव्वदच्या दशकातल्या आराखड्यात हॉटेलांची जमीन वेगळी आणि उद्यानाची वेगळी होती. २०२४मध्ये नगरपरिषदेने ‘डिस्नीलँड फॉरवर्ड’ हा प्रस्ताव मंजूर केला. आता पश्चिमेकडच्या हॉटेलांच्या भोवतीही उद्यानाचे खेळ येऊ शकतील. कंपनीने दहा वर्षांत किमान १९० कोटी डॉलर गुंतवायचे आणि परवडणाऱ्या घरांसाठी ३ कोटी द्यायचे. ‘मॅजिक वे’ हा सार्वजनिक रस्ता शहराने ४ कोटींना कंपनीला द्यायचा, हीही तरतूद त्यात आहे.

हॉटेलांच्या पश्चिमेला वॉलनट स्ट्रीट आहे. निघायच्या आदल्या रात्री मी तिथून चाललो होतो. रस्त्याच्या एका बाजूला साधी बैठी घरे, दारात उभ्या गाड्या, एका ओट्यावर वाळत घातलेला हॉटेलचा गणवेश. दुसऱ्या बाजूला भिंत. साडेनऊला आतषबाजी सुरू झाली, तेव्हा एका घरातल्या कुत्र्याने भुंकायला सुरुवात केली आणि घरच्यांनी खिडकी लावून घेतली.